सोम म्हणजे भूछत्र काय?

गॉर्डन वॉसन हे व्यवसायाने न्यूयॉर्कचे बँकर, छंदाने भूछत्रांचे अभ्यासक. त्यांचा ‘सोम’ हा इंग्रजी ग्रंथ १९६८ साली प्रसिद्ध झाला. ऋग्वेदातील सोम म्हणजे अमानिता मस्कारिया, भूर्जवृक्षाच्या मुळांशी उगवणारे, लाल टोपीवर पांढरे ठिपके असलेले मादक भूछत्र, हा त्यांचा सिद्धांत. (गोमंतकीयांनी वारुळावरची रुचकर अळमी डोळ्यांपुढे आणू नये, हे विषारी आहे.) हे ऐकताच आपल्याकडील धार्मिक मंडळी कानांवर हात ठेवतात. आम्हांस ते प्रशस्त वाटत नाही. ज्याला नवव्या मंडलाची ११४ सूक्ते वाहिली, तो पदार्थ कोणता, हे विचारण्यात पाखंड कसले? पाहावयाचे ते एवढेच, की पुरावा पुरतो काय.

वॉसन यांचा एक मोठा आधार मौनाचा आहे. ऋचांत सोमाचे मूळ, पान, फूल, बी यांचे वर्णन नाही. म्हणून ते भूछत्र! साक्षीदार ज्याविषयी बोलला नाही ते नव्हतेच, असा निष्कर्ष कोणते न्यायालय काढील? ऋषी स्तुती गात होते, वनस्पतिकोश रचीत नव्हते.

दुसरा पुरावा अधिक चमकदार. सैबेरियातील कोर्याक लोक हे भूछत्र खात, आणि त्याचा अंमल मूत्रात उतरत असल्याने तेही पीत. ही गोष्ट प्रवाशांनी नोंदविलेली आहे. वॉसन ९.७४.४ या ऋचेत हाच प्रकार पाहतात. परंतु तेथे पर्जन्यवृष्टीचे रूपक आहे, असे अनेक संस्कृतज्ञ मानतात. आणि श्रौतसूत्रांत असल्या पानाचा मागमूस नाही. येथे मात्र मौन बोलके आहे, कारण श्रौतसूत्रे पळीभर तुपाचाही हिशेब ठेवतात.

केंब्रिजचे प्राध्यापक जॉन ब्रफ यांनी १९७१ साली घेतलेली हरकत आम्हांस सर्वांत वजनदार वाटते. सोम पिऊन इंद्र वृत्राशी झुंजतो. हे भूछत्र मात्र पुष्कळदा गुंगी आणते. त्यांनी बोट दाखविले ते उत्तेजक एफेड्राकडे. पुण्याच्या चिं. ग. काशीकरांनीही १९९० साली एफेड्राचाच पक्ष घेतला, आणि पारशी आपल्या विधीत ‘होम’ म्हणून त्याच्याच काड्या कुटतात.

तरीही वॉसन यांचा ग्रंथ आम्ही टाकाऊ म्हणणार नाही. वेदोत्तर काळातील सोमाचा इतिहास सांगणारे वेंडी डॉनिजर यांचे त्यातील प्रकरण जिज्ञासूंनी अवश्य वाचावे. सोम दुर्मिळ झाल्यावर पूतिका घ्यावी, ही मुभा ब्राह्मणग्रंथांनीच देऊन ठेविली आहे.