हलबीचे गोत्र

ग्रिअर्सन यांच्या भाषासर्वेक्षणाचा सातवा खंड १९०५ साली प्रसिद्ध झाला. मराठीस वाहिलेल्या या खंडात बस्तरच्या हलबीचा समावेश आहे. तिचे मिश्र स्वरूप ग्रंथकर्त्याने नोंदविले होते. पण मराठी वाचकाच्या ध्यानी राहिले ते खंडाचे नाव. रायपुरास बदलून येणारा आपला माणूस तिला मराठीची पोटभाषा समजतो, तो यामुळेच.

आमच्या मते हा निर्णय एकांगी आहे. हलबीतील षष्ठीचा ‘चो’ आपल्या ‘चा’ची आठवण देतो खरा, परंतु ‘मोके’ म्हणजे ‘मला’, यातील ‘के’ मराठीचा नव्हे. भूतकाळाचा ‘ल’ प्रमाण मानावा, तर तो बंगालीत आहे, उडियातही आहे. रशियन भाषेतही ‘होता’ यास ‘बिल’ म्हणतात. म्हणून रशियन काही मराठीची बोली ठरत नाही.

‘स्लाव’ हे नाव ‘स्लोवो’, म्हणजे शब्द, यावरून आले असे अनेक पंडित मानतात. हा ‘स्लोवो’ संस्कृत ‘श्रवस्’चा सगोत्र. ज्याचे बोलणे कळते तो आपला; न कळणाऱ्या जर्मनास त्यांनी ‘मुका’ हे नाव दिले. भाषेचा अर्थ असा व्यवहारात असतो. बस्तरच्या बाजारात गोंडीभाषक व भतरीभाषक एकमेकांशी हलबीत बोलतात. प्रत्ययांच्या कोष्टकात हे नाते दिसत नाही. हलबीचे गोत्र ठरविण्यापूर्वी तो बाजार ऐकावयास हवा.