सल्लसुत्तातील पहिला बाण

संयुत्तनिकायाच्या वेदनासंयुत्तात 'सल्लसुत्त' नावाचे एक लहानसे सुत्त आहे. अश्रुतवान पृथग्जनास शरीराची दुःखवेदना झाली की तो शोक करतो, ऊर बडवतो. एका बाणाने विद्ध झालेल्या माणसास लागलीच दुसरा बाण लागावा, तशी त्याची गत होते. श्रुतवान आर्यश्रावकास एकच बाण लागतो. मनाचा दुसरा बाण त्याला लागत नाही. जुनाट दुखण्याच्या उपचारात या दृष्टान्तास अलीकडे मोठे महत्त्व आले आहे. अमेरिकेत जॉन कबात-झिन यांनी 1979 साली मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात स्मृतिसाधनेवर आधारलेला उपक्रम सुरू केला आणि 1982 मध्ये जुनाट दुखण्याच्या 51 रुग्णांविषयीचा अहवाल प्रसिद्ध केला. 'दुसरा बाण टाळा' हे सूत्र आज आपल्याकडील शिबिरांतही ऐकू येते. सूत्र खोटे नाही. परंतु ज्या रीतीने ते सांगितले जाते, तीत पहिल्या बाणाचा विसर पडतो, असे आमचे मत आहे.

कामठीतील एका विहारात वर्षावासात या सुत्तावर प्रवचन चालू असता, उभे आयुष्य विड्या वळण्यात घालविलेल्या एका आजींनी मध्येच विचारले, "मंग माही पाठ का मनातच दुखते का, भन्तेजी?" सभा हसली. आम्हीही हसलो. घरी परतल्यावर मात्र ते हसणे आम्हांस खुपू लागले.

मांडीवर सूप, मान खाली, तेंदूपान कापायचे, तंबाखू भरून वळायचे, दोरा बांधायचा. आणि मजुरी हजारावर. हजार भरल्याशिवाय पाठ टेकण्याची सोय नाही. कामठीच्या याच कामगारांना बाबू हरदास (1904–1939) यांनी संघटित केले आणि ऐन पस्तिशीत ते क्षयाने गेले. या घरांतील बायांपाशी दुखण्याला केवढे शब्द आहेत! कळ, ठणका, चमक, उसण, शिणक. उलट प्रवचनातील 'वेदना' हा शब्दच फसवा आहे. पालीत सुखाची, दुःखाची व अदुःखमसुखाची अशी तिन्ही प्रकारची अनुभूती 'वेदना' होय. मराठीत मात्र वेदना म्हणजे दुखणेच. त्यामुळे 'वेदनेकडे तटस्थपणे पाहा' या उपदेशाचा अर्थ ऐकणारी बाई 'दुखणे मुकाट्याने सोस' असा लावते, आणि तिला दोष देता येत नाही.

त्याच वेदनासंयुत्तात सीवकसुत्त आहे. ते प्रवचनांत क्वचितच येते, याचे आम्हांस नवल वाटते. माणूस जे जे भोगतो ते सर्व पूर्वकर्मामुळेच, हे मत बरोबर काय, असे मोळियसीवक परिव्राजक विचारतो. तथागत ते मत नाकारतात आणि आठ कारणे सांगतात: पित्त, कफ, वात, तिहींचा संनिपात, ऋतुपालट, विषम परिहार, बाह्य आघात आणि शेवटी कर्मविपाक. यातील 'विषम परिहार' आमच्या विषयाशी थेट भिडतो. अट्ठकथाकारांनी अन्यत्र त्याचे विवरण करताना फार वेळ उभे राहणे, फार वेळ बसणे असे म्हटले आहे. विडीच्या सुपापुढे बसलेल्या बाईची पाठ का दुखते, याचे उत्तर इथे आहे. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात पूर्वजन्मीच्या कर्माचा सिद्धान्त नाकारला, कारण त्याने दीनदुबळ्यांच्या स्थितीची जबाबदारी समाजावरून उतरते. 'सारे मनाचेच' ही शिकवण तेच काम नव्या भाषेत करू शकते.

येथे आधुनिक वैद्यकाचा कौल पाहण्याजोगा आहे. मेलझॅक आणि वॉल यांनी 1965 साली मांडलेल्या उपपत्तीनुसार दुखण्याचा संदेश मज्जारज्जूतील एका द्वारातून जातो आणि मेंदूकडून येणाऱ्या संदेशांनी ते द्वार कमीअधिक उघडते. म्हणजे मनाचा वाटा खरा आहे. परंतु जखम भरल्यावरही मज्जासंस्था अतिसंवेदनशील राहू शकते आणि दुखणे टिकते. ते ढोंग नव्हे. तीन महिन्यांहून अधिक टिकणाऱ्या दुखण्यास जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणात स्वतंत्र स्थान मिळाले आहे. ध्यान, व्यायाम, औषध आणि कामाच्या पद्धतीत बदल, ही सारी एकाच उपचाराची अंगे होत. यांतील शेवटचे अंग शिबिरात मिळत नाही. ते मिळविण्यासाठी संघटना लागते.

बाण तर चूळमालुंक्यसुत्तातही आहे. तेथे आप्तस्वकीय शल्यवैद्यास बोलावतात, आणि बाण कोणी मारला हे कळल्याखेरीज तो काढू न देणारा माणूस मूर्ख ठरतो. दोन्ही सुत्ते शेजारी ठेवून वाचली असती तर सल्लसुत्ताचा असा विपर्यास झाला नसता. महावग्गाच्या भेसज्जक्खन्धकात आयुष्मान पिलिन्दवच्छांच्या अंगात वात भरतो, तेव्हा भगवान त्यांना ध्यान वाढविण्यास सांगत नाहीत. ते शेक घेण्याची अनुज्ञा देतात, आणि तेवढ्याने न भागल्यावर आणखी तीव्र उपायांचीही. स्वतः बाबासाहेबांनी आपल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत प्राण वाचल्याचे श्रेय आपल्या डॉक्टर पत्नीस व डॉ. मालवणकरांस दिले आहे.

सल्लसुत्ताचे मोल आम्ही कमी लेखीत नाही. दुःखवेदनेतून सुटण्यास कामसुखाखेरीज दुसरी वाट पृथग्जनास ठाऊक नसते, हे त्यातील निरीक्षण दारूच्या गुत्त्याजवळ राहणाऱ्यांस समजावून सांगावे लागत नाही. आमचा आक्षेप निवडक वाचनावर आहे. सेखसुत्त घ्या. कपिलवत्थूत शाक्यांच्या नव्या सभागृहात रात्री उशिरापर्यंत उपदेश केल्यावर तथागत आनंदांस म्हणतात की आता पुढे तू सांग, माझी पाठ दुखते, मी ती जरा ताणतो. मग संघाटीची चौघडी करून ते भर सभेत उजव्या कुशीवर आडवे होतात. आनंदांचे प्रवचन संपल्यावर उठून त्यांना साधुकार देतात. सभेतील कोणी हसल्याचा उल्लेख सुत्तात नाही.