‘नसीम’ : बातमी ऐकणाऱ्या घराचा चित्रपट

दंगलीवरील आपल्या लेखनात दोन माणसे हमखास भेटतात. एक जळत्या मोहल्ल्यात सापडलेला, दुसरा सभेत निषेध करणारा. तिसरा क्वचितच भेटतो : दूरच्या शहरात राहून त्या मोहल्ल्यातल्या नातेवाइकासाठी बातम्या ऐकत बसलेला. सईद अख्तर मिर्झा यांचा ‘नसीम’ (1995) या तिसऱ्या माणसाच्या बराच जवळ जातो, म्हणून तो आम्हास महत्त्वाचा वाटतो.

मिर्झा हे पुण्याच्याच फिल्म इन्स्टिट्यूटचे विद्यार्थी. दिग्दर्शन व पटकथा या दोन्हींसाठी या चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. काळ जून ते डिसेंबर 1992, घर मुंबईतले. शाळकरी नसीम, अंथरुणाला खिळलेले आजोबा (भूमिका कैफी आझमी यांची) आणि एक टीव्ही. अयोध्या शेकडो मैल दूर. पण प्रत्येक बातमीसरशी घरातले बोलणे बदलत जाते. आजोबा आग्र्याच्या आठवणी सांगतात आणि त्याच घरात बातम्याही चालू असतात. मिर्झांचे लक्ष जमावापेक्षा ऐकणाऱ्या घराकडे आहे, हे त्यांचे मोठे यश.

तरीही आमची एक तक्रार आहे. आजोबा नेमके 6 डिसेंबरलाच जातात. मशीद पडते आणि आजोबाही. प्रतीक चपखल आहे, पण त्यामुळे दुःखाला तारीख मिळते. वाट पाहणाऱ्या घराची यातना तारीख नसण्यातच असते.

2002 च्या फेब्रुवारीअखेर आम्ही लहान होतो. फुफी अहमदाबादेत होती. अब्बा पुण्यातल्या एस.टी.डी. बूथवर रांग लावत. पलीकडे घंटी वाजत राही, उचलत कोणी नसे. घरी येऊन ते वर्तमानपत्रात मृतांचा आकडा वाचत नसत, वस्त्यांची नावे वाचत : नरोडा पाटिया, गुलबर्ग सोसायटी. फुफीच्या वस्तीचे नाव नसले की तोंडून ‘अल्हम्दुलिल्लाह’ निघे आणि लगेच त्यांची मान खाली जाई. छापलेल्या वस्तीतही कुणाची तरी फुफी होतीच. नवव्या दिवशी शेजाऱ्यांच्या फोनवर निरोप आला, फुफी सलामत आहे. अम्मीने शुक्राण्याची नमाज पढली. अब्बा मात्र त्यानंतरही कितीतरी दिवस नावे वाचत राहिले.

एकाच श्वासात शुक्र आणि शरम, हा अनुभव ‘नसीम’मध्ये नाही. ते कुटुंब कौमेसाठी दुःखी होते. बातमीतल्या गावी त्यांचा स्वतःचा माणूस अडकलेला नाही.

2005 मध्ये सरकारने गुजरातचे आकडे राज्यसभेत दिले : 790 मुस्लिम व 254 हिंदू मृत, 223 बेपत्ता. मृतांच्या आकड्यांवर भाषणे झाली, लेख आले. त्या 223 घरांवर कथा कोण लिहिणार? तिथे निरोपाचा फोन आलाच नाही. आणि 27 फेब्रुवारी 2002 रोजी साबरमती एक्स्प्रेसमधल्या आपल्या माणसांची वाट पाहणारी घरेही त्याच कथेत यावयास हवीत. त्यांना वगळले तर आपले लेखन पुन्हा सभेतले भाषणच होईल.

मिर्झांनी आपल्याला त्या घराच्या दारापर्यंत आणून सोडले आहे. आत जाऊन त्या माणसाशेजारी बसण्याचे काम मुस्लिम मराठी लेखकाचे आहे. ही वाट आपल्यापैकी अनेकांनी पाहिली आहे, आणि आपल्याच भाषेत पाहिली आहे.