पावसाचें वर्णन आणि पावसाचें आवाहन

पर्जन्यकाव्य हा आपल्या साहित्याचा इतका जुना आणि इतका लाडका प्रांत आहे कीं, त्याच्या मुळाशीं असलेलें एक गृहीत सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. पाऊस येणार, हें तें गृहीत होय. तो चार दिवस लांबेल, एखाद्या वर्षीं दगाही देईल. परंतु मृग निघाला कीं कवीनें लेखणी सज्ज करावी आणि मेघांनीं हजर व्हावें, असा एक अलिखित करारच आपल्याकडे आहे. कालिदासानें मेघाला दूत केलें. पण मेघ येईल कीं नाहीं, ही चिंता त्याच्या यक्षाला नव्हती.

जेथें असा करार नाहीं, तेथें पावसाचें काव्य कोणतें रूप घेतें, हें पाहावयाचें असेल तर अमेरिकेंतील ॲरिझोना संस्थानाच्या दक्षिण भागाकडे आणि त्याला लागून असलेल्या मेक्सिकोच्या सोनोरा प्रांताकडे वळावें. हें वाळवंट नुसत्या वाळूचें नाहीं. निवडुंगांनीं व काटेरी झुडपांनीं भरलेल्या मैदानांतून येथें उंच डोंगर एकदम उभे राहतात. जून महिन्यांत उष्णतामान 40 अंश सेल्सिअसच्या वर जातें. जुलैच्या आरंभाच्या सुमारास वाऱ्याची दिशा पालटते आणि दुपारच्या वेळीं डोंगरमाथ्यांवर मेघ जमूं लागतात. हाही मोसमी पाऊसच होय. तेथें त्याला ‘मॉन्सून’ म्हणतात, आणि तो शब्द ज्या अरबी शब्दापासून निघाला, त्यापासूनच आपला ‘मोसम’ आला आहे. परंतु नांवापलीकडे साम्य थोडें. संध्याकाळीं एका टेकडीवर वादळ कोसळतें आणि दोन कोसांवरचें शेत कोरडें राहतें. टूसॉन शहरीं 2020 च्या संबंध मोसमांत दोन इंचही पाऊस पडला नाहीं. पुढच्याच वर्षीं तो बारा इंचांहून अधिक पडला. पाऊस एकीकडे आणि पूर दुसरीकडे, हाही तेथला ओळखीचा प्रकार. 12 ऑगस्ट 1997 रोजीं त्याच संस्थानाच्या उत्तरेस अँटिलोप नांवाच्या अरुंद घळींत 11 प्रवासी प्राणांस मुकले. तो पूर आणणारा पाऊस कित्येक मैल दूर, वरच्या अंगास, पडला होता.

दक्षिणेकडील ह्या मुलुखांत तोहोनो ओओधम, म्हणजे ‘वाळवंटांतलीं माणसें’, पिढ्यान् पिढ्या राहत आलीं आहेत. पूर्वीं सरकारदरबारीं त्यांना ‘पापागो’ म्हणत. 1986 सालीं त्यांनीं आपलें स्वतःचें नांव अधिकृतपणें घेतलें. जूनच्या अखेरीस सग्वारो नांवाच्या झाडाएवढ्या निवडुंगाचीं तांबडीं फळें पिकतात. तीं लांब काठीनें पाडून त्यांचा पाक करितात, त्या पाकाचें मद्य करितात, आणि तें सर्वांनीं मिळून प्यावयाचें तें पाऊस यावा म्हणून. येथूनच त्यांचें वर्ष सुरू होतें. जुनीं शेतें ओढ्यांच्या मुखाशीं असत. डोंगरावरून आलेलें पाणी तेथें पसरे, आणि तेवढ्या ओलीवर टेपरी नांवाचें घेवड्याच्या जातीचें कडधान्य झपाट्यानें पिकवीत. ह्या जीवनासंबंधीं लिहिलेलीं तीन पुस्तकें एकत्र वाचण्यासारखीं आहेत.

पहिलें रूथ अंडरहिल ह्यांचें ‘सिंगिंग फॉर पॉवर’ (1938). ह्या मानववंशशास्त्रज्ञ विदुषींनीं ओओधमांचीं गाणीं इंग्रजींत आणलीं, आणि जो विचार मांडला तो ह्या साऱ्या वाङ्मयाची किल्लीच होय. तेथला गाणारा इच्छिलेली गोष्ट नुसती मागत नाहीं. पाऊस पडत आहे, ओढे वाहत आहेत, कणसें भरलीं आहेत, असें तो घडत असल्यासारखें गातो. सुंदर शब्दांत सांगितलेली गोष्ट घडून येते, ही त्याची श्रद्धा. म्हणजे ज्याला आपण वर्णन समजूं, तें तेथें आवाहन असतें. त्या गाण्यांतला वर्तमानकाळ शोभेसाठीं आलेला नाहीं. पाऊस आणण्याचें काम त्याच्याकडे आहे. अंडरहिल ह्यांची भाषा गोड आहे, कदाचित् जरा अधिकच गोड; शेतकऱ्याची निकड तींत पुष्कळदां भावगीतासारखी वाचली जाते.

दुसरें पुस्तक गॅरी पॉल नॅब्हन ह्या निसर्गशास्त्रज्ञाचें ‘द डेझर्ट स्मेल्स लाइक रेन’ (1982). वाळवंटाला वास कशाचा येतो, असें विचारल्यावर एका ओओधम मुलानें ‘पावसाचा’ असें उत्तर दिलें. त्यावरून हें नांव. पहिल्या सरींबरोबर क्रिओसोट नांवाच्या झुडपाच्या पानांतून उठणारा हा वास आपल्या ओल्या मातीच्या वासाहून निराळा असतो. परंतु ह्या मोहक नांवामुळें पुस्तकाचा थोडा तोटाही झाला आहे, असें आम्हांस वाटतें. वाचक तें सुगंधाचें पुस्तक समजून हातीं घेतो. वास्तविक त्यांतलें उत्तम प्रकरण दोन झऱ्यांविषयीं आहे. मेक्सिकोच्या हद्दींतील झऱ्याभोंवतीं ओओधम शेती करीत होते. अमेरिकेच्या हद्दींतील दुसरा सरकारनें राखीव रानांत घातला होता आणि तेथली शेती बंद पडली होती. पक्ष्यांच्या जाती मोजल्या, तेव्हां शेती चालू असलेल्या ठिकाणीं त्या जवळजवळ दुप्पट भरल्या. माणूस दूर केला म्हणजे निसर्ग फुलतो, ह्या समजुतीला इतकें शांत आणि इतकें नेमकें उत्तर क्वचितच कोणीं दिलें असेल.

तिसरें, आणि आमच्या मतें सर्वांत महत्त्वाचें, पुस्तक म्हणजे ओफेलिया झेपेडा ह्यांचा ‘ओशन पॉवर’ (1995) हा काव्यसंग्रह. झेपेडा स्वतः ओओधम. आपल्या भाषेचें व्याकरण त्यांनीं 1983 सालीं प्रसिद्ध केलें. पहिले दोन लेखक बाहेरून आलेले. झेपेडा आंतून लिहितात, ओओधम आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत. त्यांच्या एका कवितेंत सग्वारोचीं फळें पाडण्याच्या काठीनेंच ढग खालीं ओढण्याची कल्पना आहे. आपल्याकडे ती उत्प्रेक्षा म्हणून वाखाणली जाईल. परंतु तींत नुसती कल्पनेची भरारी पाहणारा वाचक फसेल. फळ, मद्य आणि मेघ हीं ज्या क्रमानें येतात, त्या क्रमाच्या आरंभीं ती काठी आहे. फळ पाडणारा हात खरोखरच पावसाच्या कामाला लागलेला असतो. संग्रहांतील सर्व कविता ह्या उंचीच्या नाहींत. कांहीं घरगुती आठवणींच्या टिपणापलीकडे जात नाहींत. पण जेथें साधेपणा साधला आहे, तेथें तो अजोड आहे.

संग्रहाच्या नांवांतील समुद्र वाळवंटांत कोठून आला, असें वाचक विचारील. ओओधम पुरुष पूर्वीं कॅलिफोर्नियाच्या आखातापर्यंत पायीं जाऊन मीठ आणीत, आणि त्या खडतर यात्रेनें पाऊसही मिळतो असें मानीत. हवामानशास्त्रज्ञ पुष्कळ काळ ह्या पावसाचें पाणी मुख्यतः मेक्सिकोच्या आखातांतून येतें असें समजत. 1970 नंतरच्या अभ्यासांत कॅलिफोर्नियाच्या आखातावरून येणाऱ्या दमट वाऱ्यांचें महत्त्व स्पष्ट झालें. ‘पाहा, गाणें खरें ठरलें!’ असें म्हणण्याचा मोह येथें टीकाकाराला होतो. तो त्यानें आवरला पाहिजे. शास्त्राचा दाखला मिळाल्यावर ज्या गाण्याला आपण मान देऊं लागतों, त्याला आपण मान देतच नसतों. तो सारा दाखल्याला जातो.

मग 2020 सारख्या वर्षीं गाणें खोटें ठरतें काय? आवाहनाचें मोल एका मोसमाच्या फळावर ठरत असतें, तर हें वाङ्मय केव्हांच संपलें असतें. त्याला भय आहे तें दुसऱ्या बाजूनें. 1853 च्या करारानें ठरलेली सरहद्द ओओधमांच्या भूमीमधून जाते. मिठाच्या वाटेवर ती आडवी आली. ओढ्यांच्या मुखाशीं असलेलीं शेतें विसाव्या शतकांत बहुतेक ओसाड पडलीं. आलेलें पाणी घ्यावयास शेतच उरलें नाहीं, तर आवाहनाचें हळूहळू वर्णन होऊं लागतें. झेपेडांच्या कवितांत ह्या बदलाची जाणीव आम्हांस सर्वत्र दिसते, आणि त्यांचें खरें दुःखही तेंच आहे.

आपणांस हें परकें वाटण्याचें कारण नाहीं. आपल्या खेड्यांत पाऊस लांबला म्हणजे मुलाच्या अंगाला कडुनिंबाचे डहाळे बांधून धोंडी काढतात, आणि घरोघरीं त्याच्यावर पाणी ओततात. आपल्या नागर कवितेनें वर्णन तेवढें आपल्याकडे ठेविलें आणि आवाहन ह्या पोरांवर सोंपविलें. देशावरच्या शेतकऱ्याला मेघांशीं झालेला तो करार कधींच मंजूर नव्हता, हें ती कविता विसरली. म्हणून झेपेडांच्या कविता कोणी मराठींत आणाव्या, अशी आमची इच्छा आहे. त्यानें ओओधम पाठ देवनागरींत शेजारीं छापावा, म्हणजे अर्थ न कळतांही तो मोठ्यानें वाचतां येईल. आणि भाषांतर करतांना त्यानें एवढें मात्र सांभाळावें: मूळांत पाऊस पडत असेल, तेथें मराठींतही तो पडतच असावा, ‘पडो’ असें करूं नये.