उधन्याचं गाणं कोण रचणार?

हळदीच्या रात्री धुळे-जळगावकडे आता अहिराणी गाण्याशिवाय डीजे रंगत नाही. ‘हाई झुमकावाली पोर’ तर खान्देश ओलांडून पार पुण्या-मुंबईच्या वरातींत पोचलं, यूट्यूबवर कोट्यवधी वेळा पाहिलं गेलं. २०११च्या जनगणनेत अहिराणी धरून खान्देशी मातृभाषा सांगणारे होते सुमारे १८ लाख ६० हजार. म्हणजे बोलीचा गंध नसलेलेही या गाण्यांवर नाचताहेत. शेतात, गल्लीत चित्रीकरण करणाऱ्या गावाकडच्या पोरांनी हे कमावलंय आणि मला त्याचा अभिमान आहे. तक्रार आहे ती गाण्यात सांगण्यासारखं फार थोडं उरलंय याची.

बहुतेक गाण्यांत एक पोर असते, तिचा नखरा असतो, तिच्यावर भाळलेला पोरगा असतो आणि पावरी या वाद्याचा कीबोर्डवरचा सूर चढत जातो. दुसरं कडवं येईतो पहिलं विसरलेलं असतं. ठसठशीत अपवाद ‘बबल्या इकस केसावर फुगे’ (इकस म्हणजे विकतो). विंचरताना निघालेलं गुंतवळ बायका जपून ठेवायच्या, फेरीवाला आला की ते देऊन पोरांना फुगे घ्यायच्या. हा व्यवहार ज्यानं पाहिलाय त्याला बबल्याचं नाव ऐकताच अख्खी गल्ली दिसते. गाणं नाचायचंच आहे, पण त्यात एक माणूस आहे.

गाण्यात माणूस असणं, हेच त्रिनिदादच्या कॅलिप्सो या गीतप्रकाराचं बळ. तिथला गायक महागाईपासून राज्यकर्त्यांपर्यंत सगळ्यांचा समाचार गाण्यातून घेई. १९४८ साली ‘एम्पायर विंडरश’ बोटीनं इंग्लंडला गेलेल्या लॉर्ड किचनर या गायकानं लंडनची भुयारी रेल्वे, तिथली घरमालकीण यांच्यावर गाणी रचली. पोट भरायला परमुलखात गेलेल्यांचे रोजचे हाल आणि त्यातली गंमत त्यांत नोंदली गेली. पुढे सत्तरच्या दशकात त्रिनिदादच्याच लॉर्ड शॉर्टीनं भारतवंशी शेजाऱ्यांचे ढोलक-धनताल घेऊन सोका हा प्रकार घडवला. लोक बेभान नाचले. पण नाचच तेवढा उरला, हे पाहून खुद्द शॉर्टी अस्वस्थ झाला आणि भक्तिपर गाण्याकडे वळला.

आपल्याला विषयासाठी लांब जायला नको. अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबारहून ताप्ती लाइननं सुरत गाठणारा खान्देश पिढ्यान्‌पिढ्या तिथल्या उधना-लिंबायतमध्ये लूमवर राबतोय. जळगाव जिल्ह्यात जन्मलेले सी. आर. पाटील हेच भाग मोडणाऱ्या नवसारी मतदारसंघातून लोकसभेवर निवडून जातात, इतका हा समाज तिथं मुरलाय. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, तेव्हा तो गावी परततो. नारळाला नथ घालून देवी सजते, भाऊबंद मिळून रोट करतात, रात्र गाण्यांत सरते. कानबाईची गाणी डीजेवरही आली. सुरतेहून खाडा करून आलेला भाऊ मात्र त्यांत कुठं भेटत नाही. कापसाचा पडलेला भाव, लग्नाचं वय उलटत चाललेला शेतकऱ्याचा पोरगा, हेही क्वचितच.

बोलीत माणूस कसा उभा करायचा, याचा धडा जळगावातच आहे. असोद्यात जन्मलेल्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांची गाणी १९५२ साली, त्या गेल्यावर छापून आली. शेत, घर, सासुरवास यांतलं त्यांच्या नजरेतून सुटलं ते काय?

लूमची रात्रपाळी, एका खोलीतले सहा जण, एक उठला की त्याच अंथरुणावर आडवा होणारा दुसरा, गावाकडून पैशासाठी येणारा फोन: यावर अहिराणीत गाणं यायला हवं. ठेका डीजेचा असला तरी चालेल.