ग्रंथबंदी आणि मुक्तिबोध : एक विचार

ग्रंथबंदीचा इतिहास पाहताना १० मे १९३३ हा दिवस टाळता येत नाही. त्या रात्री बर्लिनच्या ऑपेरा चौकात नाझी विद्यार्थ्यांनी हजारो पुस्तके जाळली. एरिक केस्टनर हा लेखक गर्दीत उभा राहून स्वतःची पुस्तके जळताना पाहत होता. या होळीचे भाकीत म्हणून जर्मन कवी हाइनेच्या शतकभर आधीच्या ‘अल्मान्सोर’ नाटकाचा दाखला नेहमी दिला जातो. मात्र त्या नाटकात ग्रॅनडा शहरात जाळला जाणारा ग्रंथ कुराण आहे, हे सहसा सांगितले जात नाही.

नाझी सत्तेच्या पाडावानंतर जर्मनीत उलट्या दिशेची बंदी आली. मे १९४६ मध्ये दोस्त राष्ट्रांनी नाझी साहित्य ग्रंथालयांतून काढून घेण्याचा आदेश दिला. पुढे दंडसंहितेच्या ‘८६ अ’ या कलमाने स्वस्तिकासह नाझी चिन्हांच्या वापरावर बंदी घातली. परंतु कला, संशोधन आणि अध्यापन यांसाठी या कायद्यात सवलत आहे. हिटलरच्या आत्मचरित्राची विस्तृत टीपांसह आवृत्ती २०१६ साली म्युनिकच्या इतिहास संस्थेने प्रसिद्ध केली. म्हणजे चिन्ह मिरवण्यास मनाई आहे, ते समजून घेण्यास नाही. या कसोटीवर आपल्याकडील एक प्रकरण तपासून पाहणे उपयुक्त ठरेल.

गजानन माधव मुक्तिबोध (१९१७–१९६४) हे मराठी घरातील हिंदी कवी. त्यांचे शालेय शिक्षण व तारुण्याचा बराच काळ उज्जैनमध्ये गेला. त्यांचे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध मराठीचे नामवंत कवी. त्यांच्या एका कादंबरीचे नावच उज्जैनच्या नदीवरून ‘क्षिप्रा’ असे आहे. गजानन मुक्तिबोधांनी उज्जैनमध्ये मध्य भारत प्रगतिशील लेखक संघाची उभारणी केली आणि १९४४ साली इंदूरला फॅसिस्टविरोधी लेखक संमेलन भरवले. युरोपातील हुकूमशाहीचा धोका माळव्यातल्या लेखकालाही आपला वाटत होता, याची ही साक्ष आहे.

१९६२ साली त्यांच्या ‘भारत : इतिहास और संस्कृति’ या पाठ्यपुस्तकावर मध्य प्रदेश शासनाने बंदी घातली. तेव्हा ते राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात प्राध्यापक होते. पुस्तक आधी अभ्यासक्रमासाठी मंजूर झाले होते. काही उताऱ्यांवर आक्षेप घेऊन आंदोलन झाले आणि शासनाने माघार घेतली. हरिशंकर परसाई यांच्या आठवणींवरून या घटनेने मुक्तिबोध किती हादरले होते, हे कळते. त्यांना ती केवळ आपल्या पुस्तकावरची आपत्ती वाटली नाही. येणाऱ्या फॅसिझमची ती चाहूल वाटली.

‘अँधेरे में’ ही त्यांची दीर्घ कविता त्यांच्या निधनानंतर १९६४ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात मध्यरात्री एक मिरवणूक निघते. सेनाधिकारी, उद्योगपती, पत्रकार, कवी आणि शहरातला कुख्यात मारेकरी त्यात एकत्र चालतात, आणि ती पाहणाऱ्याचाच पाठलाग सुरू होतो. काही समीक्षक या कवितेकडे बंदीची प्रतिक्रिया म्हणून पाहतात. ते पटणारे नाही, कारण कवितेचे लेखन बंदीच्या कित्येक वर्षे आधी सुरू झाले होते. प्रतिष्ठित माणसे झुंडीला कशी सामील होतात, हे कवीने आधीच ओळखले होते. त्याचा प्रत्यय त्याला नंतर पाठ्यपुस्तकाच्या निमित्ताने आला.

मध्य प्रदेशातील घटनेची नाझी होळीशी बरोबरी करणे अतिशयोक्तीचे होईल. येथे निवडून आलेले शासन होते, न्यायालये होती. तरीही एक फरक नजरेआड करता येत नाही. युद्धोत्तर जर्मनीच्या कायद्याने बंदी घालतानाही वर्गाचे दार उघडे ठेवले. मध्य प्रदेशात बंदी नेमकी वर्गातल्या पुस्तकावरच आली. आक्षेपार्ह वाटणाऱ्या उताऱ्यावर वर्गात चर्चा होऊ शकते, त्याचे खंडनही होऊ शकते. पुस्तकच काढून घेतले की विद्यार्थ्याला मूळ मत कळत नाही आणि त्याचे उत्तरही कळत नाही. नेमलेल्या पुस्तकातील एखादे प्रकरण वादाच्या भीतीने गाळताना प्रत्येक अध्यापकाने हे प्रकरण आठवावे.