मरियमची सही

खालेद हुसैनी यांच्या ‘अ थाउजंड स्प्लेंडिड सन्स’ (२००७) या कादंबरीत रॉकेटे आहेत, राजवटींची उलथापालथ आहे. आपण मात्र जरा रेंगाळू या एका सहीपाशी. अफगाणिस्तानातल्या हेरातबाहेरच्या खोपटात वाढलेल्या, अनौरस म्हणून हिणवल्या गेलेल्या मरियमला वृद्ध मुल्ला फैजुल्ला लिहायला-वाचायला शिकवतात. तिने शाळेची इच्छा बोलून दाखवताच आई फटकारते : आपल्यासारखीला विद्या लागते ती एकच, सोसण्याची. पुढे १९७४ साली, पंधराव्या वर्षी, काबूलच्या प्रौढ चांभाराशी लग्न लागताना निकाहनाम्यावर ती मीम, रे, ये आणि पुन्हा मीम अशी अक्षरे काढते, तेव्हा साऱ्यांच्या नजरा तिच्या हातावर खिळलेल्या असतात.

आणि तिथेच लेखक हलकेच सांगून टाकतो, की ती पुन्हा कागदावर सही करील ती सत्तावीस वर्षांनी, आणि तेव्हाही एक मुल्ला समोर असेल. कशावर, ते सांगत नाही! मग आपण पानांमागून पाने उलटतो ती हा खडा मनात बाळगून : नवऱ्याचा छळ, दाराशी येऊन गेलेल्या बापाचे न वाचताच फाडलेले पत्र, आणि सवत म्हणून आलेल्या लैलासोबत रात्री अंगणात घेतलेला तो चहा, जिथून दोघींचे मायलेकींचे नाते उमलू लागते.

बडोद्याच्या वाचकाला ही अक्षरे अधिकच भिडावीत. महाराजा सयाजीरावांनी १९०६ मध्ये बडोदा संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, ते मुलींसाठीही. पाटीवर स्वतःचे नाव गिरवणे म्हणजे काय, हे इथल्या कित्येक घरांतल्या आज्या-पणज्यांनी अनुभवले. याच नगरीत २०१८ साली भरलेल्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष लक्ष्मीकांत देशमुख यांनीही अफगाणिस्तानावर ‘इन्किलाब विरुद्ध जिहाद’ ही कादंबरी लिहिली आहे, हा एक सुखद योग.

दुसरी सही होते ती खटल्यात, कबुलीजबाब आणि शिक्षेच्या कागदाखाली. लैलाचा जीव वाचवताना नवऱ्याला मारल्याचा गुन्हा मरियम स्वतःच्या शिरावर घेते आणि तालिबानी पुरुषांच्या देखत तीच चार अक्षरे उमटवते. पहिला निर्णय इतरांनी तिच्यावर लादला होता, हा सर्वस्वी तिचा. उत्तरार्धात योगायोग जरा सढळ हाताने पेरले आहेत खरे, पण ही दोन पाने शेजारी ठेवून वाचा : अक्षरे तीच, आणि ती काढणारी बाई केवढी मोठी झालेली!